विसंगत शब्दजोडी : शाब्दिक तर्कचाचणीतील एका प्रश्नप्रकाराचा इतिहास

प्रास्ताविक

शालेय शिष्यवृत्ती परीक्षेपासून पोलीस भरतीपर्यंतच्या प्रश्नपत्रिकांत 'खालीलपैकी विसंगत जोडी ओळखा' ही सूचना हमखास आढळते. तिच्याखाली शब्दांच्या चार जोड्या असतात. उदाहरणार्थ, लोहार–ऐरण, कुंभार–चाक, सुतार–रंधा, विणकर–कापड. पहिल्या तीन जोड्यांत कारागीर व त्याचे साधन यांचा संबंध आहे, तर चौथ्या जोडीत कारागीर व त्याची निर्मिती यांचा. म्हणून चौथी जोडी विसंगत ठरते. सराव असलेल्या विद्यार्थ्यास यासाठी अर्धा मिनिटही लागत नाही. तथापि एवढ्या लहान प्रश्नावर मुलांच्या शिष्यवृत्त्या, शाळांतील प्रवेश आणि प्रौढांच्या नोकऱ्या अवलंबून राहिल्या आहेत, आणि त्याच्या मागे सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासात एक गोष्ट हळूहळू गळून पडली. ती म्हणजे उत्तर देणाऱ्याने उत्तराचे कारण सांगण्याची संधी. हे कसे घडले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रश्नाची तार्किक घडण

इतिहासाकडे वळण्यापूर्वी हा प्रश्न सोडवताना बुद्धी नेमके काय करते, हे पाहणे आवश्यक आहे. 'गटात न बसणारा शब्द ओळखा' या साध्या प्रश्नात वस्तूंचा वर्ग शोधावा लागतो. गुलाब, मोगरा, शेवंती, पालक यांपैकी पालक वेगळा, हे वर्गावरून कळते. शब्दजोडीच्या प्रश्नात वस्तूंचा वर्ग पुरेसा नसतो. तेथे प्रथम प्रत्येक जोडीतील दोन पदांचा संबंध शोधावा लागतो आणि नंतर त्या चार संबंधांचा वर्ग करावा लागतो. पदे कितीही भिन्न असोत, संबंध एक असला म्हणजे जोड्या एका गटात येतात. झुळूक–वादळ, ठिणगी–वणवा, ओहोळ–महापूर, ढग–आभाळ या चार जोड्यांत वारा, अग्नी, पाणी अशी भिन्न क्षेत्रे आली आहेत. पहिल्या तिन्हींत सौम्य रूपाकडून उग्र रूपाकडे गती आहे, चौथीत मात्र वस्तू व तिचे स्थान आहे. 'सगळेच शब्द निसर्गाशी संबंधित आहेत' असे म्हणून थांबणाऱ्याला उत्तर सापडत नाही.

भारतीय न्यायपरंपरेत लक्षणाचे जे तीन दोष सांगितले आहेत, ते या प्रश्नाला विलक्षण चपखल बसतात. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' या आपल्याच ग्रंथावर लिहिलेल्या 'दीपिका' टीकेत गाईच्या उदाहरणाने हे दोष स्पष्ट केले आहेत. 'शिंगे असणारी ती गाय' म्हटले, तर म्हैसही त्यात येते, ही अतिव्याप्ती. 'कपिल वर्णाची ती गाय' म्हटले, तर अन्य रंगांच्या गाई वगळल्या जातात, ही अव्याप्ती. 'एक खूर असलेली ती गाय' हे लक्षण एकाही गाईस लागू पडत नाही, हा असंभव. विसंगत जोडी शोधणाराही एक लक्षणच शोधत असतो. ते तिन्ही जोड्यांना लागू पडले पाहिजे आणि चौथीला लागू पडता कामा नये. तिन्हींपैकी एखादी सुटली तर अव्याप्ती, चौथीही आत आली तर अतिव्याप्ती. पहिल्या प्रयत्नात सापडलेला संबंध फार व्यापक असेल तर तो संकुचित करणे आणि फार संकुचित असेल तर सैल करणे, एवढीच या प्रश्नाची खरी रीत आहे. म्हणून संबंध मनात अस्फुट न ठेवता त्याचे पूर्ण वाक्य करणे उपयुक्त ठरते. 'लोहार ऐरणीशी संबंधित आहे' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'लोहार ऐरणीच्या साहाय्याने काम करतो' हे उपयोगी आहे. तेच वाक्य विणकर व कापड यांना लावून पाहिले की विसंगती आपोआप उघड होते.

पदांचा क्रमही या वाक्यात येतो. सुतार–लाकूड, सोनार–सोने, कुंभार–माती, लोखंड–लोहार या जोड्यांत संबंध सर्वत्र तोच आहे, फक्त चौथीत तो उलटा मांडला आहे. प्रश्न काढणाऱ्याच्या मते अर्थात चौथी जोडी विसंगत. येथे एक अडचण मात्र उरते. लक्षण एकच असते असे न्यायशास्त्र मानत नाही आणि अनुभवही तसा नाही. चार जोड्यांतून दोन भिन्न, पण तितक्याच निर्दोष लक्षणांनी दोन भिन्न जोड्या विसंगत ठरू शकतात. गाय–वासरू, म्हैस–रेडकू, घोडा–शिंगरू, कुत्री–पिल्लू हा प्रश्न घ्यावा. एखादा विद्यार्थी म्हणेल, तीन जोड्यांत मादी व तिचे अपत्य आहे, घोडा मात्र नर आहे. दुसरा म्हणेल, वासरू, रेडकू व शिंगरू ही त्या त्या जनावराच्या अपत्याची खास नावे आहेत, 'पिल्लू' हा शब्द मात्र मांजरापासून पक्ष्यापर्यंत कोणालाही चालतो. दोन्ही तर्क निर्दोष आहेत. उत्तरपत्रिकेवर मात्र गोल एकच भरायचा असतो.

बिने : उत्तराबरोबर कारण

बुद्धिमापनाचा आरंभ शब्दांनी झाला नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये लंडनच्या आरोग्यविषयक प्रदर्शनात उघडलेल्या प्रयोगशाळेत दृष्टी, श्रवण, मुठीची पकड, प्रतिक्रियेचा वेग यांसारख्या गोष्टी मोजल्या जात. फ्रान्समध्ये १९०४ साली शिक्षण खात्याने नेमलेल्या आयोगापुढे प्रश्न वेगळा होता. नेहमीच्या वर्गात न टिकणारी मुले कशी ओळखावीत, हा तो प्रश्न. त्यातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांची १९०५ ची श्रेणी तयार झाली. तिच्यात मुलाला दोन परिचित वस्तूंतील भेद तोंडी विचारला जाई. माशी व फुलपाखरू, लाकूड व काच, कागद व पुठ्ठा यांत फरक काय, असे ते प्रश्न होते. काही वस्तूंतील साम्यही विचारले जाई. साम्य व भेद या दोन क्रिया म्हणजेच विसंगत जोडीच्या प्रश्नाची दोन अंगे होत.

येथे लक्षात घेण्यासारखी बाब प्रश्नाच्या विषयापेक्षा त्याची पद्धत आहे. परीक्षक व मूल समोरासमोर बसत. मूल जे सांगेल ते ऐकून परीक्षक निर्णय करी. अनपेक्षित, परंतु सयुक्तिक उत्तराला तेथे जागा होती. एका मुलासाठी बराच वेळ द्यावा लागे, हा या पद्धतीचा दोष मानला गेला, आणि पुढचा सारा इतिहास हा दोष दूर करण्याचा आहे.

सामूहिक चाचणी आणि दोन प्रवाहांचा संगम

इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये 'सामान्य बुद्धी'ची संकल्पना मांडली. १९२३ च्या ग्रंथात त्यांनी बोधप्रक्रियेचे नियम सांगितले. दोन कल्पना समोर असता त्यांतील संबंध शोधणे हा त्यांपैकी एक, आणि एक कल्पना व एक संबंध दिला असता दुसरी कल्पना शोधणे हा दुसरा. 'पक्षी : घरटे :: वाघ : ?' हा साधर्म्याचा प्रश्न या दोन्ही क्रिया एकामागून एक करावयास लावतो. सिरिल बर्ट यांनी १९११ मध्येच असे प्रश्न वापरले होते. त्याच वर्षी अमेरिकेत वुडवर्थ व वेल्स यांनी आपल्या साहचर्य चाचण्यांत शब्दसंबंधांचे प्रश्न घातले.

पहिल्या महायुद्धात अमेरिकेने हे सारे प्रचंड प्रमाणावर राबवले. रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली १९१७–१८ मध्ये सुमारे सतरा लाख सैनिकांची चाचणी झाली. 'आर्मी अल्फा' या साक्षरांसाठीच्या चाचणीत आठ भाग होते व त्यांत साधर्म्याचा एक भाग होता. उत्तर लिहायचे नव्हते, दिलेल्या पर्यायांतून निवडायचे होते. शेकडो माणसे एका वेळी परीक्षा देत आणि कारकून साच्याने गुण देत. कारण विचारण्याचा प्रश्नच येथे संपला. युद्धानंतर ही यंत्रणा शाळांकडे आली. लुईस टर्मन यांच्या १९२० च्या सामूहिक चाचणीत साधर्म्य व वर्गीकरण हे दोन स्वतंत्र भाग एकत्र आले. वर्गीकरणाच्या भागात न जुळणारा शब्द खोडायचा असे. एका प्रवाहातून संबंध आला, दुसऱ्यातून विसंगती. विसंगत शब्दजोडीचा प्रश्न आपल्या घडणीवरून पाहता या दोहोंचा संकर आहे.

ग्रामीण मुलांसाठी काढलेली चाचणी

या चाचण्या केवळ वगळण्यासाठी जन्मल्या, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. इंग्लंडच्या नॉर्थंबरलंड परगण्यात १९२० च्या सुमारास असे आढळले की, अनेक खेडेगावांतील शाळांतून माध्यमिक शिक्षणाच्या शिष्यवृत्तीला एकही विद्यार्थी बसत नाही. तेथे हुशार मुले नाहीत, हे मान्य करण्यास न्यूकॅसल येथील प्राध्यापक गॉडफ्री थॉमसन तयार नव्हते. ज्यांना चांगले शिक्षक मिळाले नाहीत त्यांची क्षमता शालेय विषयांच्या परीक्षेतून दिसणार नाही, म्हणून शाळेत न शिकवलेल्या प्रश्नांची चाचणी हवी, असा त्यांचा विचार होता. १९२१ च्या नॉर्थंबरलंड चाचण्या यातून निघाल्या. थॉमसन १९२५ मध्ये एडिंबरोला गेले व तेथील मोरे हाउस या संस्थेच्या नावाने पुढे चाचण्यांची मोठी मालिका निघाली.

१ जून १९३२ रोजी स्कॉटलंडमध्ये १९२१ साली जन्मलेल्या ८७,४९८ मुलांना मोरे हाउसची बारावी चाचणी देण्यात आली. एका देशातील एका वयाच्या जवळजवळ सर्व मुलांची एकाच दिवशी परीक्षा घेण्याचा हा अपूर्व प्रकार होता. या चाचणीत शब्दवर्गीकरणाचे १० व साधर्म्याचे ८ प्रश्न होते. १९४७ मध्ये असेच दुसरे सर्वेक्षण झाले.

१९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर इंग्लंड व वेल्समध्ये अकराव्या वर्षी मुलांची विभागणी करणाऱ्या परीक्षेत या चाचण्यांना मध्यवर्ती स्थान मिळाले. ग्रामर स्कूलमध्ये जागा मिळणे वा न मिळणे यावर पुढचे विद्यापीठीय शिक्षण बहुतांशी ठरे. थॉमसन यांची मूळ अपेक्षा येथेच उलटली. शाळेत न शिकवलेले प्रश्न आता शाळांत शिकवले जाऊ लागले. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात फिलिप व्हर्नन आदी मानसशास्त्रज्ञांत शिकवणी व सरावाने या चाचण्यांतील गुण किती वाढतात यावर विस्तृत चर्चा झाली, आणि ते वाढतात हे मान्य झाले. ब्रायन सायमन यांनी १९५३ मध्ये या चाचण्यांच्या आधारावर प्रखर टीका केली. 'बुद्धिमत्ता चाचणी' हे नाव मागे पडून 'शाब्दिक तर्कचाचणी' हे नाव तेथे रूढ झाले, हा बदलही अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रातील प्रश्नपत्रिकेने जुनेच नाव ठेवले.

ओंडका वेगळा की आवश्यक?

विसंगत पद ओळखण्याच्या प्रश्नावरील सर्वांत मूलगामी आक्षेप चाचण्यांच्या टीकाकारांकडून आला नाही. तो उझबेकिस्तानच्या शेतकऱ्यांकडून आला. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१ व १९३२ मध्ये मध्य आशियात प्रयोग केले. त्यांनी निरक्षर शेतकऱ्यांसमोर हातोडा, करवत, ओंडका व कुऱ्हाड यांची चित्रे ठेवून वेगळे काय, असे विचारले. शाळेत गेलेल्याला उत्तर स्पष्ट वाटते : तीन हत्यारे आहेत, ओंडका हत्यार नाही. शेतकरी मात्र चारही वस्तू एकत्र हव्यात असेच सांगत. करवत कापायला, कुऱ्हाड फोडायला, आणि कापायचे व फोडायचे ते ओंडक्यालाच. लाकूड काढून टाकले तर हत्यारांचे काय करायचे? दुसऱ्या कोणी ओंडका वेगळा म्हटले आहे, असे सुचवल्यावरही ते बधत नसत. थोडेसे शालेय शिक्षण झालेली मंडळी मात्र सहज वर्ग करून दाखवत.

लुरिया यांचा ग्रंथ राजकीय कारणांनी दीर्घकाळ रखडला आणि १९७४ मध्ये रशियनमध्ये प्रसिद्ध झाला. १९७६ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. शेतकऱ्यांचा विचार 'मूर्त' पातळीवरचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. तो तसाच स्वीकारता येईल का, याविषयी शंका घेण्यास आफ्रिकेतील एका प्रयोगाने जागा करून दिली. इंग्रजी आवृत्तीचे संपादक मायकेल कोल यांचे सहकारी जोसेफ ग्लिक लायबेरियातील क्पेले शेतकऱ्यांना वस्तूंचे गट करावयास सांगत होते. शेतकरी सुरी बटाट्याजवळ ठेवत आणि शहाणा माणूस असेच करील, असे म्हणत. शेवटी 'मूर्ख माणूस कसे करील?' असे विचारल्यावर त्यांनी अन्न एका बाजूला, हत्यारे दुसऱ्या बाजूला असे गट चटकन लावून दाखवले. वर्ग करता येत नव्हते असे नाही. ते करण्यासारखे वाटत नव्हते.

हे दोन्ही प्रयोग एकत्र वाचले की शब्दजोडीच्या प्रश्नाचे स्वरूप वेगळे दिसू लागते. परीक्षार्थीला संबंध ओळखता येतो का, एवढेच हा प्रश्न तपासत नाही. अनेक संभाव्य संबंधांपैकी कोणता संबंध परीक्षकाला अभिप्रेत आहे, हे ओळखण्याची सवय त्याला आहे का, हेही तो तपासतो, आणि ही सवय प्रामुख्याने शाळा लावते.

महाराष्ट्रातील वाटचाल

भारतात सी. हर्बर्ट राइस यांची हिंदुस्थानी बिने श्रेणी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी वाचकांना अधिक जवळचे काम व्ही. व्ही. कामत यांचे आहे. त्यांनी बिने चाचणीचे मराठी व कानडी मुलांसाठी रूपांतर केले आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये निघाला. 'बिने–कामत चाचणी' या नावाने ती अनेक दशके भारतीय चिकित्सालयांत वापरली गेली. तिचा पाया बिने यांचाच, म्हणजे समोर बसून, तोंडी विचारण्याचा होता.

शिष्यवृत्ती परीक्षेची वाट निराळी होती. १९५४–५५ पासून चालत आलेल्या या परीक्षेत भाषा व गणित यांच्या जोडीला 'बुद्धिमत्ता चाचणी' आली. प्रदीर्घ काळ ही परीक्षा चौथी व सातवीच्या विद्यार्थ्यांसाठी होती. २०१६–१७ मध्ये ती पाचवी व आठवीला नेण्यात आली. जिल्हा परिषदेच्या शाळांतील कित्येक शिक्षकांनी सकाळी-संध्याकाळी जादा वर्ग घेऊन मुलांना या परीक्षेत आणले. थॉमसन यांना खेड्यातील ज्या मुलांचा शोध घ्यायचा होता, तशी मुले येथे खरोखर सापडली, याचे श्रेय मात्र चाचणीपेक्षा त्या जादा वर्गांना अधिक द्यावे लागेल.

मराठी शब्दजोड्यांची सामग्री कोठून आली, हे पाहणे उद्बोधक आहे. तिचा मोठा भाग व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतील याद्यांतून आला : प्राणी व त्यांची पिल्ले, प्राणी व त्यांची घरे, ध्वनिदर्शक शब्द, समूहदर्शक शब्द. केळ्यांचा घड, भाजीची जुडी, करवंदांची जाळी हे ज्याने पाठ केले त्याला तर्काची गरज उरत नाही. दुसरा भाग गावगाड्यातील कारागिरांचा आहे. भाता, ऐरण, रंधा, माग हे शब्द आज शहरातील मुलाने डोळ्यांनी न पाहिलेल्या वस्तूंचे आहेत. त्यामुळे या प्रश्नाचा पक्षपात नेहमी शहराच्याच बाजूने असतो, असे म्हणता येत नाही. गाय–वासरू, म्हैस–रेडकू, शेळी–करडू, मेंढी–लोकर या प्रश्नात शहरातील मूल पाठ केलेल्या यादीवरून मेंढी–लोकर निवडते. खेड्यातील मूल 'पहिली तीन जनावरे आमच्याकडे दुधासाठी पाळतात' एवढ्यावरूनही तीच जोडी निवडू शकते. त्याने जोडीतील संबंध पाहिलेलाच नाही, तरी गुण मात्र समान. चुकीच्या उत्तराचे चांगले कारण आणि बरोबर उत्तराचे अपुरे कारण, दोन्ही कागदावर दिसत नाहीत.

पुढे स्पर्धापरीक्षांच्या विस्ताराबरोबर आर. एस. अगरवाल यांच्यासारख्यांची इंग्रजी मार्गदर्शक पुस्तके सर्वत्र पोहोचली. त्यांत वर्गीकरणाच्या प्रकरणात विसंगत शब्दजोडीला स्वतंत्र उपप्रकार म्हणून स्थान आहे. मराठी मार्गदर्शकांनी तीच विभागणी घेतली. इंग्रजीतून आलेल्या जोड्यांचे भाषांतर करताना लिंगभेदामुळे नवीच विसंगती शिरते. इंग्रजीत लिंग न दाखवणारे प्राण्याचे नाव मराठीत नर वा मादी होऊन उतरते, आणि वर दिलेल्या घोड्याच्या उदाहरणासारखा पेच उभा राहतो.

माघार आणि हरकती

ज्या अमेरिकेत हे प्रश्न सामूहिक झाले, तेथेच ते मागे घेतले गेले. महाविद्यालयीन प्रवेशाच्या 'सॅट' परीक्षेतील एका शब्दजोडीची चर्चा दीर्घकाळ झाली. धावपटू–मॅरेथॉन या जोडीशी जुळणारी जोडी म्हणून वल्हेकरी–रिगाटा, म्हणजे नौकांची शर्यत, हे उत्तर अपेक्षित होते. नौकाशर्यती ज्यांच्या परिसरात होतात त्या सुखवस्तू वर्गातील मुलांनाच हा शब्द परिचित असणार, असा आक्षेप घेतला गेला. २००५ मध्ये सॅटमधून साधर्म्याचे प्रश्न वगळण्यात आले. पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या 'जीआरई' परीक्षेतूनही ते २०११ मध्ये गेले.

महाराष्ट्रात असा निर्णय झालेला नाही. येथे वेगळी व्यवस्था रूढ झाली आहे. परीक्षा झाल्यानंतर अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध होते व तिच्यावर हरकती मागवल्या जातात. शिष्यवृत्ती परीक्षा आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षा, दोन्हींत ही पद्धत आहे. हरकत घेणाऱ्याला आपले उत्तर का ग्राह्य धरावे, याचे स्पष्टीकरण लेखी द्यावे लागते. तज्ज्ञांना ते पटले, तर उत्तर बदलले जाते किंवा प्रश्न रद्द होतो. बिने यांच्या खोलीत प्रत्येक मुलाला तोंडी सांगता येणारे कारण येथे मुदतीच्या आत अर्ज करणाऱ्यापुरते, आणि शाळकरी मुलाच्या बाबतीत बहुधा त्याच्या शिक्षकाच्या वा पालकाच्या हस्ताक्षरात, परीक्षकापर्यंत पोहोचते.